पानशेतचे पाणी पुण्याला पोहोचते. पानशेतचा विद्यार्थी वाटेत का अडतो?

पुणे शहराची तहान चार धरणे भागवतात. खडकवासला, वरसगाव, टेमघर आणि पानशेत. आंबी नदीवरच्या एकट्या पानशेत धरणाची साठवण १०.६५ टीएमसी. हे धरण बांधकाम पुरते आटोपण्याआधीच १२ जुलै १९६१ रोजी फुटले, त्याच्या लोंढ्याने खडकवासलाही फोडले आणि निम्मे पुणे पाण्याखाली गेले. तेव्हापासून पुणेकराला पानशेत हे नाव दोनच कारणांनी आठवते. एक तो पूर, आणि दुसरे शनिवार-रविवारची सहल. त्या पाण्याच्या काठावर वस्त्या आहेत, वस्त्यांत शाळा आहेत, शाळांतून दरवर्षी मुले-मुली बारावी पास होऊन बाहेर पडतात, ही गोष्ट कुणाच्या ध्यानीमनी नसते.

पाणी पुण्यात आपोआप पोहोचत नाही. त्यासाठी कालवा आहे, जलवाहिनी आहे, पंपघर आहे, रात्रपाळीचा कर्मचारी आहे, महापालिकेच्या बजेटमध्ये स्वतंत्र तरतूद आहे. कुठे गळती झाली तर दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो येतो. पण पानशेतच्या बौद्धवाड्यातला, धनगरवाड्यातला, कातकरी वस्तीतला विद्यार्थी मात्र बारावीच्या निकालानंतर स्वतःच वाहत वाहत विद्यापीठापर्यंत पोहोचेल अशी या व्यवस्थेची अपेक्षा आहे. तो मध्येच गळाला तर त्याची नोंदही होत नाही. नोंद झालीच तर ती एका शब्दात होते: "नापास".

आमच्या मते आज समाजापुढचा प्रश्न प्रवेशाचा जेवढा आहे, त्याहून अधिक प्रवेशानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांचा आहे. राखीव जागा घटनेने दिल्या. शिष्यवृत्ती बाबासाहेबांनी झगडून मिळवली. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना १९४२ साली त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे जे निवेदन सरकारला दिले, त्यात उच्च शिक्षणासाठी पैशाची मागणी होती, आणि १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज महाराष्ट्रात ज्यांना वसतिगृह मिळत नाही त्यांच्यासाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे. हे पैसे वेळेवर मिळत नाहीत, त्यासाठी मोर्चे काढावे लागतात, हे सर्व खरे. पण समजा ते वेळेवर मिळाले, फी भरली गेली, खोली मिळाली, मेस लागली, तरी वर्गातल्या तिसऱ्या बाकावर बसून समोरचे प्राध्यापक काय बोलत आहेत ते वहीत कसे उतरवायचे, हे कोणती शिष्यवृत्ती शिकवते?

पानशेत ते स्वारगेट हे अंतर सुमारे चाळीस किलोमीटर. सोनापूर, खानापूर, डोणजे, खडकवासला करत बस येते. ज्यांना पुण्यात राहणे परवडत नाही ती मुले रोज ये-जा करतात. पहिला तास सकाळी साडेसातचा असेल तर घर अंधारातच सोडावे लागते. दुपारी तास सुटले की परतीच्या बसची वेळ गाठायची. म्हणजे ग्रंथालय उघडे असते तेव्हा हा विद्यार्थी बसमध्ये असतो आणि हा बसमधून उतरतो तेव्हा ग्रंथालय बंद होते. पावसाळ्यात वेल्ह्याकडचा पाऊस काय असतो हे तिकडच्यांनाच विचारावे. (२०२४ साली राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करण्याचा निर्णय घेतला. नाव बदलले म्हणून बस लवकर येत नाही, हा भाग वेगळा.)

त्या भागातल्या एका मुलाचे उदाहरण येथे देतो. नाव गाव सांगत नाही, कारण तो एकटा नाही. बारावीला अडुसष्ट टक्के. वस्तीत सत्कार झाला. पुण्यातल्या एका महाविद्यालयात वाणिज्य शाखेला प्रवेश. पहिल्या सत्राचा निकाल लागला तेव्हा सहापैकी तीन विषय गेलेले. वडील वकिलाचा सल्ला घ्यावा म्हणून आमच्याकडे आले. त्यांना वाटत होते की मुलावर अन्याय झाला आणि कोर्टात जाता येईल. गुणपत्रिका पाहिली. लेखी परीक्षेत मुलगा काठावर का होईना बसत होता. अंतर्गत मूल्यमापनाच्या रकान्यात मात्र दोन विषयांत भोपळा होता. विचारले, असाइनमेंट दिली नाहीस का? तो म्हणाला, "सर, असाइनमेंट म्हणजे काय ते मला दिवाळीनंतर कळलं." नोटीस फलकावर लागली होती. पण शाळेत नोटीस वर्गात येऊन वाचून दाखवतात. फलकावर इंग्रजीत टाइप केलेला कागद आपल्यासाठी आहे, त्याची तारीख चुकली तर शंभरातले तीस गुण हातातून जातात, हे त्याला कुणी सांगितले नव्हते. सांगणारे कोण? घरातला तो पहिलाच कॉलेजात गेलेला. आज तो धरणाजवळच्या एका हॉटेलात सुट्टीच्या दिवशी टेबलावर प्लेटा लावतो, आणि ज्या पुण्यात तो शिकायला गेला होता तेथूनच आलेले गिऱ्हाईक त्याला "ए बाळ" म्हणून हाक मारते.

आता याला कुणी "गुणवत्तेचा अभाव" म्हणेल. म्हणणारे तयारच असतात. आमचे त्यांना एवढेच विचारणे आहे की, फलकावरची नोटीस वाचणे ही गुणवत्ता आहे की माहिती? ज्या घरात आजोबा मामलेदार, वडील बँकेत आणि मावशी प्राध्यापिका, त्या घरातल्या मुलाला ही माहिती जेवताना वरणभाताबरोबर मिळते. कोणत्या प्राध्यापकाच्या नोट्स घ्यायच्या, कोणते पुस्तक जुने झाले, उत्तरपत्रिकेत पहिल्या परिच्छेदात काय लिहायचे, प्राचार्यांना अर्ज कसा करायचा, हे सगळे त्याला वतनासारखे वारसाहक्काने येते. देशमुखी गेली, कुलकर्णी वतन गेले, कायद्याने सगळी वतने खालसा झाली. हे एक वतन मात्र कुठल्याच कायद्याच्या यादीत आले नाही. आणि ते ज्यांच्याकडे आहे त्यांनाही ते दिसत नाही. त्यांना वाटते आपण हुशारच जन्मलो.

म्हणून आम्ही म्हणतो की हे वतन फोडले पाहिजे, आणि ते फोडण्याचा मार्ग म्हणजे त्यातल्या एकेका गोष्टीला नाव देऊन ती उघड्यावर शिकवणे. यात गूढ काही नाही. लोहाराचा मुलगा भात्यापाशी बसून शिकतो तसे हे काम आहे.

शाळा आणि विद्यापीठ यांतला पहिला फरक ऐकण्यातला. शाळेत शिक्षक फळ्यावर लिहितात, आपण उतरवतो. कॉलेजात प्राध्यापक पाऊण तास बोलतात आणि जातात. आमची मुले दोनपैकी एक करतात. एक तर प्रत्येक शब्द टिपायला जातात आणि पाचव्या मिनिटाला मागे पडतात, नाही तर पेन खाली ठेवतात. खरी रीत अशी की तासाला जाण्याआधी त्या प्रकरणाचे मथळे वाचून जावे, वहीच्या पानाला डावीकडे बोटभर जागा सोडावी, प्राध्यापकांनी ज्या गोष्टीवर दोनदा जोर दिला ती उजवीकडे आपल्या भाषेत लिहावी, न समजलेला शब्द डावीकडे टाकावा. मराठीत लिहावे, लाजू नये. पारिभाषिक शब्द तेवढा इंग्रजीत ठेवावा. आणि त्याच संध्याकाळी, बसमध्ये का होईना, ते पान एकदा वाचावे. चार दिवसांनी वाचले तर आपलेच अक्षर आपल्याला परके होते.

दुसरा फरक पुस्तकातला. दहावी-बारावीपर्यंत आमच्या मुलांचा ग्रंथ म्हणजे गाईड आणि अपेक्षित प्रश्नसंच. त्यात प्रश्न तयार, उत्तर तयार. विद्यापीठात मात्र "अमुक पुस्तकातले तिसरे प्रकरण पाहा" एवढेच सांगतात. पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचे नसते. अनुक्रमणिका पाहायची, मागची सूची पाहायची, प्रस्तावना वाचून लेखक कोणता मुद्दा मांडतो आहे ते आधी पकडायचे, हे कुणी सांगत नाही. मग चारशे पानांचे इंग्रजी पुस्तक हातात घेऊन पोरगे पंधराव्या पानावर थकते आणि परत झेरॉक्सच्या दुकानातल्या तयार नोट्सकडे वळते. ग्रंथपालाला विचारायची भीती वाटते. आमचे सांगणे आहे की ग्रंथपाल पगार घेतो तो पुस्तक शोधून देण्याचा. त्याला विचारणे हा उपकार मागणे नव्हे.

पण सर्वांत मोठी फसवणूक लिहिण्यात आहे, आणि येथे आम्हाला थोडे थांबावेसे वाटते. दहा-बारा वर्षे शाळेने या मुलाला काय शिकवले? छापील उत्तर जसेच्या तसे पाठ करून लिही, स्वल्पविरामही बदलू नकोस, पैकीच्या पैकी मिळतील. जो आपल्या शब्दांत लिहील त्याचे गुण कापले जातात. मग हाच विद्यार्थी एम. ए. करतो, पीएच. डी.ला नाव नोंदवतो आणि तेथे त्याला सांगतात की दुसऱ्याचे वाक्य उचलणे म्हणजे वाङ्मयचौर्य. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली त्यासाठी नियमावलीच काढली. प्रबंधातला मजकूर दुसऱ्या लिखाणाशी दहा टक्क्यांपेक्षा अधिक जुळला की शिक्षेचे टप्पे सुरू होतात. आधी लिखाण परत, मग एका वर्षासाठी बंदी, शेवटी नोंदणीच रद्द. नियम योग्यच आहे. चोरीचे आम्ही समर्थन करत नाही. पण ज्या व्यवस्थेने बारा वर्षे नक्कल करण्याचे बक्षीस दिले, तीच व्यवस्था तेराव्या वर्षी नक्कल हा गुन्हा ठरवते, आणि मधल्या काळात स्वतःचे वाक्य कसे उभे करायचे, दुसऱ्याचे म्हणणे त्याच्या नावाने कसे मांडायचे, अवतरण चिन्ह कुठे टाकायचे, तळटीप कशी द्यायची, याचा एक तासही घेत नाही, तेव्हा आरोपी कोण? वकील म्हणून आम्ही इतकेच म्हणू की कायदा माहीत नसणे ही सबब चालत नाही हे खरे. पण कायदा कळवणे हे राज्याचे कर्तव्य आहे हेही तितकेच खरे.

हे शिकवणे अवघड आहे का? अजिबात नाही. एखादा अग्रलेख घ्या. विद्यार्थ्याला वाचायला लावा. पेपर उलटा ठेवा. आता लेखकाने काय म्हटले ते पाच ओळींत लिहायला सांगा. मग त्याला ते पटते का, का पटत नाही, हे आणखी पाच ओळींत. दहा ओळी झाल्या. पहिल्या पाच ओळी लेखकाच्या नावावर, दुसऱ्या पाच स्वतःच्या नावावर. संशोधनाची सगळी इमारत या दहा ओळींवर उभी आहे. आठवड्याला एक याप्रमाणे वर्षभर केले तर पोरगा पदवीच्या परीक्षेत कुणाला हार जाणार नाही.

आणि मग प्रश्न विचारणे. आमची मुले वर्गात हात वर करत नाहीत. इंग्रजी चुकेल, हसतील, आडनाव विचारतील, ही भीती. ती भीती खोटी नाही, आडनाव खरोखरच विचारले जाते. पण येथे आपल्याच इतिहासाकडे पाहावे. बाबासाहेबांनी औरंगाबादेत १९५० साली महाविद्यालय काढले, त्याला पुढे मिलिंद हे नाव मिळाले आणि परिसराला नागसेनवन. मिलिंद हा राजा प्रसिद्ध कशामुळे आहे? लढाया जिंकल्यामुळे नव्हे. भिक्खू नागसेनाला त्याने एकामागून एक प्रश्न विचारले म्हणून. महाविद्यालयाला देवाचे, दानशूर शेठजीचे किंवा स्वतःच्या वडिलांचे नाव देता आले असते. प्रश्न विचारणाऱ्याचे नाव दिले गेले. त्या नावाखाली शिकायला मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून मुले आली, वसतिगृहात राहिली, आणि त्यांच्यातून लेखक, प्राध्यापक, अर्थतज्ज्ञ उभे राहिले. विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद भूषवलेले डॉ. सुखदेव थोरात मिलिंदचेच विद्यार्थी.

मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय त्याच्या आधीचे, १९४६ चे. तेथे सकाळचे वर्ग ठेवले गेले, कारण मुले नोकरी करून शिकणारी होती. विद्यार्थ्यांची संसद भरवली जाई, म्हणजे उभे राहून बोलण्याची, दुसऱ्याचे म्हणणे खोडून काढण्याची सवय लागावी. विद्यार्थी कोठून येतो, त्याच्या दिवसाचे तास कोणते मोकळे आहेत, त्याला काय येत नाही, हे आधी पाहून मग महाविद्यालय बांधायचे, असा तो विचार होता. पानशेतहून येणाऱ्या मुलाच्या बसचे वेळापत्रक पाहून पहिला तास ठरवणारे महाविद्यालय आज पुण्यात कुठे आहे का? असेल तर आम्हाला कळवावे, आम्ही जाहीर अभिनंदन करू.

खुद्द बाबासाहेबांचे विद्यार्थिदशेतले जीवन आपण भाषणांत फार वापरतो. अठरा तास अभ्यास, पावावर दिवस काढले, एवढे सांगून टाळ्या घेतल्या जातात. त्यांनी अभ्यास कसा केला, हे मात्र कुणी सांगत नाही. १९१३ च्या जुलैत ते न्यूयॉर्कला पोहोचले. मुंबई विद्यापीठाचे बी. ए. होते, तरी नवीन देश, नवीन जेवण, राहण्याची जागा पहिल्या काही महिन्यांत बदलावी लागली. म्हणजे जुळवून घेण्याचा त्रास त्यांनाही झाला. तीन वर्षांत कोलंबिया विद्यापीठात त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३ अभ्यासक्रम घेतले, आणि त्याशिवाय प्राथमिक फ्रेंच व जर्मन प्रत्येकी एक. हा शेवटचा तपशील आम्हाला फार मोलाचा वाटतो. जगातल्या नामांकित विद्यापीठात पीएच. डी.ची तयारी करणारा माणूस प्राथमिक वर्गात बसून परकी भाषा पहिल्यापासून शिकतो. त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. आमच्या विद्यार्थ्याला मात्र इंग्रजीच्या मूलभूत वर्गाला बसायची शरम वाटते, कारण व्यवस्थेने त्या वर्गाला "कच्च्या मुलांचा वर्ग" असे नाव देऊन ठेवले आहे.

दुसरी गोष्ट लंडनची. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा डी. एस्सी.चा प्रबंध १९२२ साली सादर झाला. १९२३ मध्ये परीक्षकांनी तो फिरून लिहायला सांगितला. पैसे संपले होते, मुंबईला परतावे लागले. मुंबईत बसून त्यांनी प्रबंधाची फेरमांडणी केली, पाठवला, आणि त्याच वर्षी पदवी मिळाली, पुस्तकही निघाले. त्याला प्रस्तावना प्रा. एडविन कॅनन यांची, ज्यांना प्रबंधातली सगळी मते मान्य नव्हती. विश्वरत्न म्हणून ज्यांना आपण वंदन करतो त्यांचेही लिखाण एकदा परत आले होते! पहिल्या सत्रात तीन विषय गेलेल्या पोराला ही गोष्ट कोणत्या जयंतीत सांगितली गेली?

आता आपल्याच माणसांकडून येणाऱ्या एका आक्षेपाचे उत्तर दिले पाहिजे. काही कार्यकर्ते म्हणतील, "ॲडव्होकेट साहेब, आपली मुले कच्ची आहेत असे तुम्हीच म्हणू लागलात तर मनुवाद्यांच्या हातात कोलीत द्याल. आपली लढाई भेदभावाशी आहे, नोट्स काढण्याशी नाही." आक्षेप प्रामाणिक आहे. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद विद्यापीठात ज्याने जीव दिला तो रोहित वेमुला अभ्यासात कुठेही कमी नव्हता, संशोधक विद्यार्थी होता. म्हणजे अभ्यासाची कौशल्ये आली म्हणून जात सुटत नाही. दिल्लीच्या एम्समधील भेदभावाची चौकशी करणाऱ्या थोरात समितीने २००७ साली जो अहवाल दिला, त्यात वसतिगृहातल्या वेगळ्या राहण्यापासून शिक्षकांच्या वागणुकीपर्यंत सगळे नोंदवले आहे. त्या अहवालातच या मुलांना शिक्षकांकडून इतरांइतके साहाय्य मिळत नाही, हेही आहे. हीच आमची बाजू आहे. साहाय्य न देणे हाही भेदभावाचाच एक प्रकार आहे, आणि सर्वांत सोयीचा, कारण त्यात कुणाला शिवी द्यावी लागत नाही. दार उघडे ठेवायचे आणि आत दिवा लावायचा नाही. विद्यार्थी ठेचकाळला की म्हणायचे, याला चालता येत नाही.

म्हणून मागणी दोन्ही ठिकाणी केली पाहिजे. महाविद्यालयाकडे ती हक्काची मागणी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी उपचारात्मक वर्गांची योजना आखली होती, अकराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात तिच्यासाठी महाविद्यालयांना अनुदाने मिळाली, आणि कित्येक ठिकाणी हे वर्ग रजिस्टरमध्येच भरले. नावसुद्धा कसले निवडले आहे पाहा, "उपचारात्मक", जणू काही विद्यार्थी आजारी आहे! आमचे म्हणणे आहे की प्रत्येक महाविद्यालयाने पहिल्या सत्राचे पहिले सहा आठवडे, सर्व जातींच्या सर्व मुलांसाठी, नोट्स, ग्रंथालय, लेखन आणि नियम यांचा तास वेळापत्रकातच घालावा. वेगळ्या खोलीत नको, जादा वेळेत नको, कारण जादा वेळेत पानशेतची बस सुटलेली असते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आलेल्या नव्या आराखड्यात सगळेच क्रेडिटमध्ये मोजले जाते. पंधरा तासांच्या वर्गाला एक क्रेडिट. मग या पंधरा तासांना एक क्रेडिट द्यायला कोणाची हरकत आहे?

दुसरे ठिकाण आपली वस्ती. जून-जुलैत गावोगाव गुणगौरव सोहळे होतात. मंडप, पाहुणे, शाल, गुलाबपुष्प, स्मृतिचिन्ह. सत्कार व्हावाच, पोराच्या आईच्या डोळ्यांत पाणी येते त्याचे मोल आम्ही जाणतो. परंतु सोहळ्याला आलेल्या पाहुण्यांपैकी किती जण डिसेंबरमध्ये त्या मुलाला फोन करून विचारतात की बाबा, सत्र परीक्षा कशी गेली? एका स्मृतिचिन्हाच्या पैशात एक चांगला शब्दकोश येतो. मंडपाच्या पैशात दोन विद्यार्थ्यांचे वर्षभराचे बसपास होतील. आणि विहारात रविवारी वंदनेनंतर तासभर जागा मोकळी असते. त्या भागातून आधी शिकून गेलेला एखादा शिक्षक, तलाठी, बँकेतला कारकून, परिचारिका प्रत्येक वाडीत एक तरी आहेच. त्यांनी महिन्यातून एक रविवार द्यावा. व्याख्यान देऊ नये. विद्यार्थ्याची वही मागावी आणि पाहावी. व्याख्याने आपल्याकडे पुष्कळ झाली आहेत.

मुलींबद्दल स्वतंत्र लिहिले पाहिजे. पहिल्या सत्रात मुलगा नापास झाला तर त्याला दुसरी संधी मिळते, मुलगी नापास झाली की स्थळ पाहायला सुरुवात होते. तिच्यासाठी एटीकेटी म्हणजे केवळ राहिलेला विषय नव्हे, शिक्षण संपल्याची नोटीस असते. म्हणून पालकांना एटीकेटी या शब्दाचा अर्थ सांगितला पाहिजे: राहिलेले विषय घेऊन पुढच्या वर्गात बसण्याची परवानगी. कायदेशीर परवानगी आहे ती, कलंक नाही.

शेवटी एक गोष्ट आमच्या धंद्यातली, कारण ती फार कमी विद्यार्थ्यांना माहीत असते. तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क विद्यार्थ्याला आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात माहिती अधिकार कायद्याखाली हा हक्क स्पष्टपणे मान्य केला. लोक हा हक्क गुण वाढवून घेण्यासाठी वापरतात. आमचा आग्रह आहे की तो शिकण्यासाठी वापरावा. आपली उत्तरपत्रिका हातात आली की आपण काय लिहिले आणि परीक्षकाने कुठे गुण दिले, कुठे रेघ मारली, हे समोरासमोर दिसते. प्रश्न "चर्चा करा" असा होता आणि आपण नुसती व्याख्या लिहून सुटलो, हे त्या कागदावर जेवढे कळते तेवढे कुठल्याही क्लासमध्ये कळत नाही.

यात एक काळजी घ्यावी. पुनर्मूल्यांकन करून घ्यायचे असेल तर विद्यापीठाच्या स्वतःच्या पद्धतीने, निकालानंतर दिलेल्या मुदतीत, छायाप्रतीसाठी अर्ज करावा. माहिती अधिकाराच्या उत्तराला तीस दिवस लागू शकतात आणि तोवर ती मुदत टळून जाते. नुसते शिकण्यासाठी हवी असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करायला हरकत नाही, पण फार उशीर करू नये, कारण जुन्या उत्तरपत्रिका ठरावीक काळानंतर नष्ट करतात. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावावा, आसन क्रमांक, विषय, सत्र आणि परीक्षेचा महिना स्पष्ट लिहावा, आणि पोच घेतल्याशिवाय टेबलावरून हलू नये. अर्ज मराठीत चालतो.